भिंतीतली वायर

मागच्या पावसाळ्यात अम्मी पडली. फजरच्या आधी वजूसाठी उठली होती. तिच्या खोलीतून मोरीकडे जाताना मधला पॅसेज लागतो. तिथे माझं टेबल आहे. आदल्या रात्री उशिरापर्यंत मी पेपर तपासत बसलो होतो. लॅपटॉपसाठी हॉलच्या बोर्डातून एक्सटेन्शन ओढून घेतलं होतं आणि ते तसंच फरशीवर आडवं सोडून झोपलो होतो. अंधारात अम्मीचा पाय त्यात अडकला. ती कुशीवर पडली आणि खुब्याचं हाड मोडलं.

मिरजेत राहण्याचा एक फायदा म्हणजे दवाखाना लांब नसतो. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, पंधरवड्यात ती घरी आली. पण घरी आली ती तिच्या खोलीपुरती. वॉकर धरून पलंगापासून खुर्चीपर्यंत जाते, खुर्चीपासून पलंगापर्यंत येते. तेवढंच.

मला कुणी काही बोललं नाही. बायको नाही, बहिणी नाहीत, अम्मी तर नाहीच. सगळ्यात जास्त खुपलं ते अब्बांचं न बोलणं. अब्बा चाळीस वर्षं वायरमन होते. लोकांच्या घरी फरशीवर लोळणारी वायर दिसली की काम बाजूला ठेवून आधी ती उचलायचे आणि घरमालकाला, मग तो कुणी का असेना, दोन शब्द ऐकवायचे. त्यांच्याच घरात, त्यांच्याच मुलानं टाकलेल्या वायरीत त्यांची बायको पडली आणि ते गप्प राहिले. मी ते एक्सटेन्शन घंटागाडीत टाकून दिलं. त्यावरही ते काही बोलले नाहीत.

अम्मीला क्रिकेटचं वेड आहे. शाळा चौथीपर्यंत, पण फिल्डिंगच्या सगळ्या जागा पाठ. १९८३ ची फायनल तिनं ट्रान्झिस्टरवर ऐकली होती. मदनलालच्या बॉलवर कपिलनं रिचर्ड्सचा झेल घेतला, तेव्हा आपल्या हातातलं पीठ कुठं कुठं उडालं हे ती आजही सांगते. आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही. त्यामुळे टीव्हीवरची मॅचही ती ऐकतेच. पण हॉलमध्ये बसून, आम्हा सगळ्यांच्या मध्ये.

ते बंद झालं. तिचा पलंग हॉलमध्ये आणू म्हटलं, तर तिनं साफ नकार दिला. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची असते, दिवसभर लोकांची ये-जा. तिचं म्हणणं बरोबर होतं. मग मी तिच्या उशाशी फोन ठेवला आणि त्यावर मॅच लावून दिली.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. इंटरनेटवरून येणारं प्रक्षेपण तुकड्यातुकड्यांनी येतं. फोन आधी थोडा साठा करून ठेवतो आणि मग दाखवतो. त्यामुळे तो टीव्हीच्या मागे असतो. आमच्याकडे हा फरक जवळजवळ अर्ध्या मिनिटाचा होता. हॉलमध्ये पोरं ओरडायची, “आउट!” आणि अम्मीच्या फोनवर बॉलर अजून चालत चालत आपल्या खुणेकडे निघालेला असायचा. तीन-चार वेळा असं झाल्यावर तिनं फोन बंद केला. म्हणाली, “मला निकाल आधी कळतो आणि मॅच नंतर. ही काय मॅच झाली?”

मग ब्लूटूथचा स्पीकर आणला. हॉल आणि तिची खोली यांच्यामध्ये दोन भिंती, त्यातली एक नऊ इंची. ऐन ओव्हरमध्ये आवाज तुटायचा. तिनं तक्रार केली नाही, पण हळूहळू मॅचबद्दल विचारणंच सोडून दिलं. ते मला जास्त लागलं.

आमच्या हॉलमध्ये जुना अँप्लिफायर आहे. टीव्हीचा आवाज त्यातूनच येतो. त्याच्या पाठीमागे स्पीकरच्या दोन जोड्यांसाठी जागा आहे, ‘ए’ आणि ‘बी’. ‘बी’ वर्षानुवर्षं रिकामी होती. तिथून अम्मीच्या खोलीत एक वायर नेली आणि एक स्पीकर लावला, की दोन्हीकडे तोच आवाज, त्याच क्षणी. वायरीत उशीर होत नाही. आपल्या कानाला कळेल इतका तर नाहीच.

पण वायर न्यायची कशी? पॅसेजमधून फरशीवरून नेण्याचा प्रश्नच नव्हता. मी नुसता विचार जरी केला तरी पोटात कालवत होतं. भिंतीवरून केसिंग पट्टी मारता आली असती, पण दोन दरवाजांच्या चौकटी, त्यावरून वळणं, आणि जिथं पट्टी सुटेल तिथं वायर पुन्हा लोंबणार. मला ती वायर दिसायलाच नको होती. भिंतीच्या आत हवी होती.

व्हिडिओ पाहिले. बहुतेक अमेरिकेतले. तिकडच्या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी उभे खांब, साधारण सोळा-सोळा इंचांवर, आणि त्यावर दोन्ही बाजूंनी जिप्समचे पातळ पत्रे. मधे पोकळी. माणूस माळ्यावर जातो, वरून भोक पाडतो, वायर खाली सोडतो आणि खालच्या भोकातून आकड्यानं बाहेर काढतो. अर्ध्या तासात काम फत्ते. आपल्याकडची भिंत विटांची, त्यावर सिमेंटचा गिलावा, वर पुट्टी आणि रंग. आत पोकळी नाही. आपल्याकडे भिंतीतून वायर न्यायची म्हणजे कटरनं झिरी मारायची, छन्नीनं उकरायची, पाइप बसवायचा, पुन्हा गिलावा करायचा. घरभर लाल धूळ. आणि ती धूळ कुठं? तर अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या खोलीत.

एका तरुण वायरमनला बोलावलं. चांगला पोरगा. त्यानं पाहणी केली आणि म्हणाला, “सर, फोडायची गरजच नाही. बेडरूमच्या बोर्डाला हॉलकडून पाइप आला असणार. लाइटच्या पाइपातूनच स्पीकरची वायर ओढून देतो.” मला हायसं वाटलं. मी हो म्हणणार, तेवढ्यात मागून अब्बांचा आवाज आला.

“कायकू?”

घरात आम्ही दखनी बोलतो. इथे मी मराठीत लिहितो आहे, पण अब्बांची एक-दोन वाक्यं तशीच ठेवावी लागतील. त्यांचं ‘कायकू’ हा प्रश्न नसतो, ती नोटीस असते.

पोरानं पुन्हा समजावून सांगितलं. अब्बांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बेटा, त्या पाइपात दोनशे तीस व्होल्ट आहेत. ओढताना एका जागी वायर सोलली, तर तेच दोनशे तीस स्पीकरच्या पट्टीवर येणार. ती पट्टी कुणाच्या उशाशी आहे?”

पोरगा गप्प झाला. मीही. त्याशिवाय लाइटच्या वायरींना लांबवर चिकटून गेलेल्या आवाजाच्या वायरीत गुणगुण शिरू शकते, हे अब्बांनी नंतर सांगितलं. दोन्ही शेजारून न्यायच्याच असतील तर फूटभर अंतर ठेवायचं आणि ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडायच्या. पण हे दुय्यम. एका पाइपात नाही म्हणजे नाही.

“मग फोडायचं का, चाचा?” पोरानं विचारलं.

“साडेचार इंची भिंतीत एवढी लांब आडवी झिरी मारणार? भिंत राहील का?” अब्बा म्हणाले आणि काठी टेकत हॉलच्या कोपऱ्यात गेले. तिथे टीव्हीच्या शेजारी गुडघ्याएवढ्या उंचीवर एक छोटी पांढरी पट्टी आहे. आम्ही रोज पाहतो आणि कधीच पाहत नाही अशी. “फोनचा पाइप,” ते म्हणाले.

हे घर १९९४ मध्ये बांधलं. त्याआधी आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत होतो. तिथे सागवानी पट्टीवर क्लिपा मारलेलं जुनं वायरिंग होतं. दुसऱ्यांच्या बंगल्यांत कन्सील वायरिंग करून अब्बा घरी यायचे आणि पट्टीवरच्या काळ्या बटणानं आमचा बल्ब लावायचे. स्वतःचं घर झालं तेव्हा त्यांनी त्यातलं वायरिंग एकट्यानं केलं. दिवसभर लोकांचं काम, संध्याकाळी आपलं. मी तेव्हा शाळेत होतो आणि बॅटरी धरून उभा राहायचो, बहुतेक वेळा कंटाळून. तेव्हा घरी फोनही नव्हता, पण फोन येईल म्हणून त्यांनी हॉलपासून आतल्या खोलीपर्यंत वेगळा पाऊण इंची पाइप टाकून ठेवला होता. पुढे फोन आला, आतल्या खोलीत जोडफोनही आला, मग मोबाइल आले आणि लँडलाइन कापली गेली. पाइप मात्र भिंतीत तसाच होता, आत मेलेली फोनची वायर घेऊन.

तीच वायर आता दोरीसारखी वापरायची होती. पंधरा मीटर तांब्याची दोन तारांची केबल आणली, दीड स्क्वेअर एमएमची. अंतर अकरा मीटर, जाऊन-येऊन बावीस. एवढ्या लांबीला या तारेचा रोध सुमारे पाव ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो किरकोळ. फार बारीक तार घेतली की अँप्लिफायरची ताकद वायर तापवण्यातच जाते, फार जाड घेतली की पाइपात शिरत नाही. केबलची टोकं पुढे-मागे कापून फोनच्या वायरीला बांधली, म्हणजे गाठ एकाच जागी फुगत नाही. वरून टेप गुंडाळली, अम्मीच्या डब्यातली टाल्कम पावडर चोळली. पोरगा तिच्या खोलीतून ओढणार, मी हॉलमधून भरणार.

फूटभर गेली आणि अडकली. पोरानं जोर लावला. फोनची वायर तुटून त्याच्या हातात आली.

आता भिंत फोडावीच लागणार असं मला वाटलं. अब्बा डोळे मिटून उभे होते. “मधे बॉक्स आहे,” ते म्हणाले. “पॅसेजच्या दरवाजावर. तिथं जोड मारला होता. जोडाचा गुंडा पाइपात शिरत नाही.” पण दरवाजावर बॉक्स कुठंच दिसत नव्हता. बहिणीच्या लग्नाच्या वेळी घर रंगवलं, तेव्हा पुट्टीवाल्यांनी त्यावरूनच हात फिरवला होता.

त्यांनी भिंतीवर बोटाच्या पेरानं वाजवायला सुरुवात केली. उमेदीच्या काळात सतारमेकर गल्लीतल्या दुकानांत त्यांची बरीच कामं असायची. तिथले कारागीर भोपळा असाच वाजवून बघायचे, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. पण आता त्यांचे कान कमी झाले आहेत. दोन-तीनदा वाजवून ते थांबले. माझ्याकडे पाहिलं नाही. खाली बसले आणि म्हणाले, “तो फाटका स्पीकर आण, माळ्यावरचा.”

फाटक्या स्पीकरच्या पाठीमागचं चुंबक काढून त्यांनी दोऱ्याला बांधलं आणि पोराला स्टुलावर चढवलं. “त्या काळी बॉक्सचं झाकण लोखंडाचं असायचं,” ते म्हणाले. चौकटीच्या वर हळूहळू चुंबक फिरत गेलं आणि एका जागी डावीकडे झुकून भिंतीला खटकन चिकटलं. पोरगा हसायलाच लागला. त्यानं चाकूनं पुट्टी खरवडली. झाकण निघालं. सगळी तोडफोड झाली ती वहीच्या पानाएवढी.

झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं होतं: टेलिफोन, १९९४. आणि हॉलकडे, आतल्या खोलीकडे असे दोन बाण.

ते मराठीत होतं. मी थबकलो. अब्बा उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकले. त्यांच्या हिशेबाच्या वह्या उर्दूत आहेत, दुकानाच्या याद्या उर्दूत. मराठी लिहिताना त्यांना आजही वेळ लागतो. मी विचारलं, “हे मराठीत का लिहिलं?”

“पुढचा वायरमन कोण असेल काय माहीत,” ते म्हणाले. “त्याला वाचता यायला पाहिजे ना.”

मी मराठीत लिहितो याबद्दल गेली वीस वर्षं मला दोन्हीकडून प्रश्न विचारले जातात. काही घरचे विचारतात, काही बाहेरचे. मी बरीच लांबलचक उत्तरं तयार केली आहेत. यापेक्षा चांगलं एकही नाही.

बाकी काम सरळ होतं. बॉक्समधून दोन्हीकडे स्प्रिंग सोडली, तिला बांधून केबल आणली. या वेळी भरायला अब्बा स्वतः खुर्चीवर बसले. हात थरथरत होते, पण केबल पाइपात जाताना थरथर थांबत होती. ओढणाऱ्याला ते एकच सांगत राहिले, “खेचू नको. येऊ दे.”

केबल आल्यावर लगेच जोडू दिली नाही. एका टोकाला दोन्ही तारा एकत्र पिळल्या आणि दुसऱ्या टोकाला मीटर लावून तार सलग आहे का ते पाहिलं. मग पीळ सोडून दोन तारा कुठे एकमेकींना लागत नाहीत ना, ते पाहिलं. मग पेन्सिल सेल घेतला. सेलचं अधिक टोक लाल तारेला आणि वजा टोक काळीला क्षणभर टेकवलं की स्पीकरचा पडदा बाहेर उसळतो. आत गेला तर समजायचं, तारा उलट लागल्या. एकट्या स्पीकरला यानं फरक पडत नाही. पण उद्या कुणी दुसरा जोडला आणि एक सुलट, एक उलट झाला, तर दोघांचा खालचा सूर एकमेकांना खाऊन टाकतो. पुन्हा तेच: पुढच्या माणसाची काळजी.

अम्मीला आवाज कमी-जास्त करता यावा म्हणून जोडफोनच्या जुन्या पेटीत बटण बसवलं. पोरानं विचारलं होतं, “फॅनचा रेग्युलेटर चालेल का, चाचा?” अब्बांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो स्वतःच दुकानात जाऊन स्पीकरचं, आठ ओहमचं बटण घेऊन आला. मी उजवा आणि डावा आवाज एकत्र करून एकाच स्पीकरला द्यायचं सुचवलं, तर मलाही तसंच पाहिलं. तसं केलं तर अँप्लिफायर जळू शकतो. फक्त डाव्या बाजूची जोडणी दिली. कॉमेंट्री दोन्ही बाजूंना सारखीच असते.

त्या रविवारी मॅच होती. कोण जिंकलं ते महत्त्वाचं नाही. चौथ्या की पाचव्या ओव्हरला हॉलमध्ये पोरं ओरडली आणि त्याच वेळी, अगदी त्याच वेळी, आतून अम्मीचा आवाज आला, “गेला!” माझी मुलगी उठून आत पळाली आणि मग बाहेर आलीच नाही. थोड्या वेळानं दोघींचं भांडण ऐकू येत होतं, कॅप्टननं स्लिप काढायला हवी होती की नको यावर.

रात्री अब्बा पॅसेजमध्ये माझ्या टेबलापाशी आले. टेबल आता भिंतीतल्या बोर्डाशेजारी सरकवलं आहे. फरशीवर काही नसतं. त्यांनी खाली वाकून तेवढं पाहून घेतलं. मग विचारलं, “ते एक्सटेन्शन कुठं आहे?”

मी म्हटलं, “टाकून दिलं. तेव्हाच.”

ते थोडा वेळ उभे राहिले. “कायकू फेक्या रे?” म्हणाले. “वायर बुरी नई थी. जगा गलत थी.”

मला काही बोलता आलं नाही. त्यांनीही वाट पाहिली नाही. मला कागद घ्यायला सांगितला आणि ते सांगत गेले, मी काढत गेलो: मीटरपासून हॉल, हॉलपासून स्वयंपाकघर, कुठला पाइप कुठून वर चढतो, कुठं वळतो, चौकटीपासून किती इंचांवर. एकही पाइप तिरका नाही. सगळे सरळ उभे किंवा सरळ आडवे, म्हणजे भिंतीत खिळा मारणाऱ्याला बोर्ड बघूनच अंदाज यावा. दोन ठिकाणी ते अडले, आठवेना. तिथे त्यांनी प्रश्नचिन्ह काढायला लावलं. अंदाजे रेघ मारू दिली नाही.

तो कागद आता मीटरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. मराठीत. शेवटची नोंद अशी: “स्पीकरची वायर, हॉल ते अम्मीची खोली, जुन्या फोनच्या पाइपातून. जोड नाही.” खाली तारीख टाकायची राहिली होती. अब्बांनी चष्मा लावून वाचलं, बोट ठेवलं आणि ती टाकायला लावली.